शंका-समाधान : ‘मॅडम, आमी तं टाकलं होतं!’

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.ए.ला शिकवते. यंदा अंतर्गत गुणांच्या असाइनमेंट मूडलवर (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाची साइट) घ्यायचं ठरलं. परवा मुदत संपली. बरीच मुलं म्हणतात, ‘मॅडम, आमी तं टाकलं होतं.’ यादीत मात्र त्यांच्या नावापुढं ‘नो सबमिशन’. दोघींनी मोबाइलवरचा स्क्रीनशॉट दाखवला, त्यात फाइलचं चिन्ह दिसतं. प्राचार्य म्हणतात, शून्य द्या, नाहीतर उद्या सगळेच हेच सांगतील. धानाची कापणी सुरू आहे, अर्धा वर्ग बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतो. काय करू?
– एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, शून्य थांबवा आणि तुमचं मूडल जो कोणी सांभाळतो त्याला आजच फोन लावा. घाई का, ते सांगतो.

मुलगी फाइल निवडते, ती चौकटीत येते, चिन्ह उमटतं. त्या क्षणी फाइल सर्व्हरवर पोहोचलेली असते, पण असाइनमेंटमध्ये नाही, एका तात्पुरत्या जागेत. खालचं ‘सेव्ह चेंजेस’ दाबलं की मगच ती असाइनमेंटला जोडली जाते. मोबाइलच्या स्क्रीनवर हे बटण पार खाली असतं. बोटानं पान वर सरकवलं नाही तर दिसतच नाही. त्यातच टॉवर गेला किंवा लाइन गेली की पोरगी ‘झालं’ समजून मोबाइल ठेवते आणि कापणीला जाते. तुमच्या दोघींचा स्क्रीनशॉट याच टप्प्यावरचा वाटतो. म्हणजे त्या खोटं बोलत नाहीत, पण काम पुरंही झालेलं नाही.

आता घाईचं कारण. ही तात्पुरती जागा मूडल स्वतःच साफ करतं, आणि साफ होतात चार दिवसांपेक्षा जुन्या गोष्टी. परवाची मुदत म्हणजे फाइली अजून असायला हव्यात. सोमवारी पाहू म्हणाल तर गेल्या. मूडल सांभाळणाऱ्याला नेमकं एवढंच सांगा : डेटाबेसमधल्या फाइल्सच्या टेबलात कंपोनंट ‘युझर’ आणि फाइल एरिया ‘ड्राफ्ट’ असलेल्या ओळींत या विद्यार्थ्यांचे युझर आयडी शोध. फाइलचं नाव, आकार, वेळ सगळं तिथं सापडतं. त्याच ओळीत कंटेंट हॅश नावाची चाळीस अक्षरांची लांबलचक खूण असते. मूडलडेटाच्या फाइलडिर फोल्डरात फाइल त्याच नावानं ठेवलेली असते : पहिल्या दोन अक्षरांचं फोल्डर, त्यात पुढच्या दोन अक्षरांचं, आणि आत ती फाइल. कॉपी काढून शेवटी ‘.पीडीएफ’ जोडलं की उघडते. हे काम माहितगाराला अवघड नाही. ‘असं काही नसतं’ असं उत्तर आलं तर हा कागद त्याच्यापुढं ठेवा.

तोवर तुम्ही स्वतः लॉग बघा, म्हणजे कोणी कधी काय केलं याची मूडलनं ठेवलेली नोंदवही. कोर्समध्ये ‘रिपोर्ट्स’, त्यात ‘लॉग्ज’, मग विद्यार्थी आणि असाइनमेंट निवडा. मुदतीच्या दिवशी पोरगी पानावर आली होती का, किती वाजता, पुढं काय झालं, हे ओळीनं दिसतं. फाइल अपलोड झाल्याची आणि सबमिशनची नोंद असेल तर फाइल आत आली आहे, दिसत नाही तो तुमच्या पडद्याचा घोळ. पान उघडल्याची नोंद आहे पण सबमिशनची नाही, तर ‘सेव्ह’ राहिलं. नव्या आवृत्त्यांत तात्पुरत्या जागेत फाइल आल्याचीही वेगळी नोंद होते. ‘ओरिजिन’च्या रकान्यात ‘वेब’ असेल तर ब्राउझर, ‘डब्ल्यूएस’ असेल तर मोबाइल ॲप.

पडद्याचा घोळ म्हणालो, तो हसण्यावारी नेऊ नका. गुण द्यायच्या यादीवर इंग्रजी अक्षरांची पट्टी असते. कधीतरी चुकून ‘के’ दाबलं गेलं की बाकीचा वर्ग गायब होतो, आणि मूडल ती निवड लक्षात ठेवतं. ‘रिक्वायर्स ग्रेडिंग’चा फिल्टर आणि गटाची निवड यांचंही तसंच. पहिले सगळे फिल्टर काढा आणि मग मोजा.

काही नावांपुढं ‘ड्राफ्ट, नॉट सबमिटेड’ असेल तर ती गोष्ट वेगळी. त्या मुलांनी सेव्ह केलं, फक्त शेवटचं ‘सबमिट असाइनमेंट’ दाबलं नाही. फाइल तुम्हाला उघडते, वाचता येते, गुणही देता येतात. माझं मत विचाराल तर ‘विद्यार्थ्यानं सबमिट बटण दाबणं आवश्यक’ ही सेटिंग आपल्या भागातल्या कॉलेजांनी ‘नो’ ठेवावी. सेव्ह केलं की आलं. ज्या पोरांना नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागते, त्यांच्याकडून आणखी एक बटण कशाला दाबून घ्यायचं?

आणि लॉगमध्ये त्या दिवशी काहीच नसेल तर? लगेच खोटारडी ठरवू नका. तिच्या मैत्रिणीच्या खात्यात बघा. एका घरी एकच मोबाइल, त्यात आधी मैत्रिणीचं लॉगिन चालू, हिनं टाकलं ते तिच्या नावावर गेलं, असं आमच्याकडं होते. पीडीएफच्या पहिल्या पानावरचं नाव वाचलं की कळते. ॲप वापरत असेल तर ॲप उघडायला सांगा. नेटवर्क नसताना ॲप काम फोनमध्येच ठेवतं आणि नंतर पाठवतं. या पाठवण्याला सिंक म्हणतात. पण सेटिंगमध्ये ‘फक्त वायफायवर सिंक’ हा पर्याय चालू असेल तर मोबाइल डेटावर ते आपोआप जात नाही. कुरखेड्याकडच्या गावात वायफाय कोणाकडं आहे जी! असाइनमेंट ॲपमध्ये उघडून हातानं सिंक करायला लावा. तोवर ॲप काढू नका, डेटा साफ करू नका, हे मात्र बजावा. ॲप काढलं की फोनमधलं कामही गेलं.

मुदतही एकदा तपासा. मूडल मुदतीची वेळ आपोआप 00:00 धरतं. तीस तारीख टाकली आणि वेळ बदलली नाही, तर मुदत एकोणतीसच्या रात्री बारालाच संपते. पोरं तीसला दिवसभर धावतात. त्यात ‘कट-ऑफ’ची तारीखही तीच असेल तर पानच बंद. ‘ड्यू डेट’ उलटली तर फक्त ‘उशीर’ असा शिक्का बसतो, ‘कट-ऑफ’ उलटली तर काहीच घेत नाही. रात्री 23:59 टाका आणि कट-ऑफ दोन-तीन दिवस पुढं ठेवा. आता ज्यांची राहिली त्यांना यादीतल्या नावापुढच्या मेन्यूतून ‘ग्रँट एक्स्टेन्शन’ देता येतं. सगळ्यांची मुदत उघडायची गरज नाही.

राहिले प्राचार्य. त्यांची भीती अगदीच वावगी नाही. एखाद-दोन पोट्टे फायदा घेणारच. पण लॉग कॉलेजच्या हातात आहे, विद्यार्थ्याला तो दिसत नाही. ज्याच्याकडं वही त्यानं आधी उघडायची. लॉग छापून त्यांच्या टेबलावर ठेवा, नावासमोर नोंद, आणि मग ज्याचं काहीच कुठं नाही त्याला खुशाल शून्य द्या.

प्रश्न : आमच्याकडं गूगल क्लासरूम आहे. मी फाइल जोडली, ती मला दिसते, पण सरांच्या यादीत ‘मिसिंग’ आहे. मी धारणीची, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : ताई, फाइल जोडून तू थांबलीस. ‘हँड इन’ दाबायचं राहिलं. काही फोनवर तेच ‘टर्न इन’ म्हणून दिसतं. आज दाब, उशिराचा शिक्का बसेल पण जाईल. सरांना सांग, तुझ्या नावावर टिचकी मारली की न सोपवलेली फाइलही त्यांना बघता येते. दाबल्यावर ‘अनसबमिट’ला हात लावू नको, सोपवलेलं परत तुझ्याकडं येतं. आणि फाइल न जोडता ‘मार्क ॲज डन’ दाबू नको. सरांकडं काम झालं असं दिसतं, आत रिकामं.

प्रश्न : माझं झेरॉक्स सेंटर आहे. पोरं वहीचे फोटो घेऊन येतात, मी पीडीएफ करून त्यांच्या कॉलेजच्या साइटवर टाकून देतो. मोठी फाइल अर्ध्यात अडते, कधी चूक खात्यात जाते. उपाय सांगा.
– एक वाचक, दारव्हा

उत्तर : भाऊ, तुमच्यासारख्यांवर अर्धा तालुका चालतो, म्हणून नीट सांगतो. अडते ती आकारामुळं. सर्व्हरवर पीएचपीची (मूडल ज्यावर चालतं त्या प्रणालीची) मूळ मर्यादा 2 एमबी असते, कॉलेजनं वाढवली असेल तर ठीक. मूडल साइटची, कोर्सची आणि असाइनमेंटची मर्यादा बघतं, त्यातली लहान ती लागू. असाइनमेंटच्या पानावर ती लिहिलेली असते, आधी वाचा. मोबाइलचा एक फोटोच तीन-चार एमबीचा असतो, दहा पानं म्हणजे झालंच. स्कॅन ॲपमधून काळं-पांढरं करा, आकार एकदम उतरतो, अक्षरही स्पष्ट येतं.

खात्याचा घोळ टाळायला प्रत्येक पोराला नवी इनकॉग्निटो विंडो (बंद केली की लॉगिन विसरणारी ब्राउझरची खिडकी) उघडा, काम झालं की सगळ्या बंद करा. पासवर्ड पोरानं स्वतः टाकायचा, तुम्ही विचारायचा नाही, वहीत तर लिहायचाच नाही. फाइलच्या नावात रोल नंबर घाला. आणि पैसे घेण्याआधी पान रिफ्रेश करून ‘सबमिटेड फॉर ग्रेडिंग’ ही हिरवी ओळ त्याला दाखवा. त्याच पानाची, वरच्या नावासकट, एक प्रिंट द्या. तिचे वेगळे दोन रुपये घेतले तरी कोणी नाही म्हणणार नाही.