एमडी५ मधले पासवर्ड शा-२५६ मध्ये नेले की भागेल का?

जुन्या पीएचपी संकेतस्थळावर सभासदांचे पासवर्ड एमडी५ पद्धतीच्या हॅशच्या (पासवर्डवरून काढलेल्या, उलट फिरवून मूळ मिळवता न येणाऱ्या ठरावीक लांबीच्या अक्षरमालिकेच्या) रूपात साठवलेले आहेत आणि 'एमडी५ फुटले' असे ऐकल्यामुळे त्याजागी शा-२५६ ही दुसरी हॅश पद्धत घ्यावी का, असे आपण विचारले आहे. ती घेऊ नये. एमडी५ सोडायलाच हवे, पण आपण गृहीत धरलेल्या कारणासाठी नव्हे.

२००४ मध्ये शाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी एमडी५ मध्ये टक्कर दाखवली, म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश काढून दाखवला. डिजिटल सह्या आणि प्रमाणपत्रे यांच्यासाठी ते घातक ठरले. पासवर्ड चोरणाऱ्याला मात्र टक्करीची गरजच नसते. हाती आलेल्या हॅशशी जुळेपर्यंत तो एकेक अंदाज करून पाहत राहतो. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश उघड झाले, ते शा-१ या हॅश पद्धतीचे होते. शा-१ ची पहिली प्रत्यक्ष टक्कर गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने जाहीर केली ती २०१७ मध्ये. तरीही लिंक्डइनच्या हॅशमधले असंख्य पासवर्ड २०१२ मध्येच लगोलग उलगडले गेले, कारण हॅशना सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा यादृच्छिक मजकूर) नव्हते आणि शा-१ वेगवान आहे. शा-२५६ ही तसेच वेगवान आहे: चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासते. सॉल्टमुळे नेहमीच्या पासवर्डचे आधीच काढून ठेवलेले हॅशचे तक्ते निरुपयोगी होतात, अंदाज तपासण्याचा वेग मात्र कमी होत नाही.

म्हणून पासवर्डसाठीच बनवलेली, मुद्दाम संथ केलेली बीक्रिप्ट किंवा, सर्व्हरवर उपलब्ध असल्यास, आर्गॉन२ ही हॅश पद्धत वापरावी. पीएचपी ५.५ पासून 'पासवर्ड_हॅश' हे फंक्शन सॉल्टसकट सारे स्वतःच सांभाळते. सभासद लॉगिन करेपर्यंत थांबू नये. आज असलेल्या प्रत्येक एमडी५ हॅशवरच बीक्रिप्ट चालवावे, तसे केल्याची खूण डेटाबेसच्या एका वेगळ्या रकान्यात ठेवावी आणि पुढच्या यशस्वी लॉगिनच्या वेळी मूळ पासवर्डचा थेट हॅश करून घ्यावा. बीक्रिप्टला एमडी५ ची ३२ अक्षरी हेक्स मांडणीच (० ते ९ आणि ए ते एफ) द्यावी, कारण बायनरी रूपात शून्य बाइट आल्यास बीक्रिप्ट त्यापुढचे वाचत नाही. आपला हॅशचा रकाना ३२ अक्षरांचा असेल, तर तो आधी २५५ चा करावा. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा असतो आणि डेटाबेसने तो निमूटपणे कापला, तर एकालाही आत येता येणार नाही.

बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट पाहते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मराठीत टंकलेल्या पासवर्डची २४ चिन्हेच जमेस धरली जातात.

हॅशची तुलना '==' ने होत असेल, तर तीही बदलावी. '२४०६१०७०८' चा एमडी५ हॅश '०ई' ने सुरू होतो आणि पुढे नुसते अंकच असतात. पीएचपी त्याला 'शून्य गुणिले दहाचा घात' असा आकडा, म्हणजे शून्य समजते आणि तशाच घडणीचा दुसरा कोणताही हॅश त्याच्याशी जुळल्याचे सांगते. पासवर्डसाठी 'पासवर्ड_व्हेरिफाय', इतर टोकनांसाठी (ओळख पटवणाऱ्या गुप्त मजकुरांसाठी) 'हॅश_इक्वल्स' वापरावे.

हे सारे झाल्यावर एमडी५ असलेले जुने बॅकअप नष्ट करावेत. चोराला तेवढेही पुरते.