केमोमुळे हार्ट खराब होतं का? आईला ब्रेस्ट कॅन्सरसाठी लाल केमो सुरू होणार आहे

होऊ शकतं, पण प्रत्येकाला नाही आणि प्रत्येक केमोने तर नाहीच. तुम्ही म्हणताय ती लाल केमो म्हणजे बहुतेक डॉक्सोरुबिसिन (अ‍ॅड्रियामायसिन), लघवीपण एक-दोन दिवस लालसर होते तिने, त्याला घाबरू नका. हार्टचा धोका एकूण डोसवर असतो, म्हणजे आयुष्यभरात मिळून किती औषध गेलं त्यावर, म्हणून डॉक्टर साधारण ४५०-५५० मिग्रॅ प्रति चौरस मीटरच्या (शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने) वर जात नाहीत आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या नेहमीच्या ४ सायकलमध्ये २४० च होतो, बराच खाली. आधी कधी केमो किंवा छातीला रेडिएशन झालं असेल तर मात्र जुनी फाईल दाखवाच.

सुरू करायच्या आधी टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) करतात, त्यात ईएफ बघायचा, म्हणजे हार्ट दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, ५५-६० असेल तर छान. कॅन्सर HER2 पॉझिटिव्ह असेल (गाठीच्या पेशींवर HER2 नावाचं प्रोटीन जास्त) तर पुढे ट्रास्टुझुमॅब हे औषध लागतं, त्यानेही पंपिंग कमी होऊ शकतं पण बहुतेकदा औषध थांबवलं की सुधारतं, म्हणून दर ३ महिन्यांनी इको, कंटाळा करून टाळू नका.

बीपी-शुगर कंट्रोलमध्ये ठेवा. आडवं झाल्यावर दम लागणं, पायावर सूज, दोन-चार दिवसांत वजन एकदम वाढणं, असं काही दिसलं तर केमोचा थकवा असेल म्हणून घरी बसू नका, लगेच फोन करा. हे त्रास केमो संपल्यावर काही वर्षांनीही येऊ शकतात.