जंतूंच्या आकारात करिअर असतं का?

पत्र: माझं रावपुऱ्यात शिवणकामाचं दुकान आहे. मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. जंतूंना आकार कसा येतो, यावर संशोधन करायचं म्हणते. यातून पोट भरेल का? – एक पालक, बडोदे

नमस्कार.

पोटाचं जरा थांबून बोलू. ती काय म्हणतेय ते तुमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळेल. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू दंडाकृती असतो तो पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाच्या जाळीदार भिंतीमुळे. आत दाब जबर. भिंत फाटली की जंतू फुटलाच. तरी त्याला वाढायचं असतं. अंगातला सदरा न उतरवता मोठा करायचा, तर थोडं उसवायचं आणि तिथेच जोड लावायचा. उसवणारी एन्झाइम्स (पेशीतली कामकरी प्रथिनं) वेगळी, जोडणारी वेगळी. नवी भिंत कुठे घालायची हे ठरवण्यात एमआरईबी या प्रथिनाचा मोठा हात. ते बिघडलं की दंडाचा गोळा होतो. पेनिसिलिन घाव घालतं ते नेमकं जोडणाऱ्या एन्झाइम्सवर. त्यामुळे हा नाद वाटला तरी त्याची वाट थेट अँटिबायोटिक्सपाशी जाते. उसवण्याची बाजू उलगडणाऱ्या हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या मंजुला रेड्डी यांना २०१९चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. मुलीला त्यांचं काम वाचायला सांगा.

आता पोटाचं. बी.एस्सी.नंतर बडोद्याच्या आसपास औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलची नोकरी मिळू शकते. काम चांगलं आहे, पण तिचा प्रश्न तिथे सुटणार नाही. त्याला एम.एस्सी. आणि वर पाचेक वर्षांची पीएच.डी. लागेल. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर दरमहा फेलोशिप येते, तुमच्या गल्ल्याला हात लागत नाही. पक्की नोकरी मात्र तिशीच्या आसपासच, हे धरून चाला. (तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: मधल्या काळात दर दिवाळीला लग्नाचा विषय काढू नका.)

एम.एस्सी.साठी जॅम आणि गॅट-बी या परीक्षांची तयारी आतापासून हवी. मायक्रोस्कोपखाली काढलेल्या फोटोंतून हजारो पेशींची लांबी-रुंदी मोजावी लागते, म्हणून पायथॉन ही संगणकाची भाषा थोडी आणि संख्याशास्त्रही शिकू दे. गणिताचा कंटाळा असेल तर या विषयात अडेल.

सगळ्यात आधी विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज करू द्या; त्यात सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत काम करता येतं. तिथून परतल्यावर तिलाच विचारा, फसलेला प्रयोग पुन्हा करावासा वाटत होता का. उत्तर ‘हो’ असेल, तर एम.एस्सी.चा फॉर्म भरा.