शंकुपात्र निमुळते का असते?

प्रश्न : अनुमापनाचा प्रयोग (एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने घालून पहिल्यातील पदार्थाचे प्रमाण काढण्याचा) शंकुपात्रातच करायला सांगतात. तो चंचुपात्रात (बीकरमध्ये) केला तर काय बिघडते? शिवाय शंकुपात्रावर मिलिलिटरच्या खुणा असतानाही द्रावण पिपेटने (ठरावीक द्रव मोजून घेण्याच्या काचनळीने) मोजूनच का घ्यावे लागते?

उत्तर : चंचुपात्रात अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन ते मनगटाने गोल फिरवून पाहा. उभ्या भिंतीवर पाणी चढत जाते आणि वेग थोडा वाढला की काठावरून बाहेर पडते. शंकुपात्राची भिंत वर जाताना आत कलत जाते, त्यामुळे चढू पाहणारे द्रव तीच भिंत पुन्हा मध्याकडे वळवते. अनुमापनात डावा हात ब्युरेटच्या (थेंब सोडण्याच्या, खुणा असलेल्या उभ्या नळीच्या) तोटीवर असतो आणि उजवा हात पात्र सतत फिरवत असतो. थेंब पडताक्षणी मिसळला पाहिजे आणि एकही थेंब बाहेर सांडता कामा नये, या दोन्ही गोष्टी या आकारामुळे एकाच वेळी साधतात. चंचुपात्रात अनुमापन अशक्य नाही, पण तिथे काचेच्या कांडीने किंवा चुंबकीय ढवळणीने ढवळावे लागते.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल एर्लेनमायर यांनी १८६० मध्ये या पात्राचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्याला एर्लेनमायर फ्लास्क असेही म्हणतात. त्याचे सपाट बूड टेबलावर स्थिर राहते, अरुंद मानेवर नरसाळे किंवा बूच बसते, आणि तापवताना वर जाणारी वाफ कललेल्या भिंतींवर काही प्रमाणात थंड होऊन परत खाली ओघळते. पुनःस्फटिकीकरणात (गरम द्रावणातून शुद्ध स्फटिक मिळवताना) गरम द्रावक लवकर उडून जाऊ नये म्हणून चंचुपात्रापेक्षा शंकुपात्र घेतात, ते याचसाठी. मात्र बूच घट्ट बसवून ते कधीही तापवू नये, कारण आत कोंडलेल्या वाफेच्या दाबाने बूच उडते किंवा काच फुटते.

आता खुणांविषयी. त्या केवळ अंदाजासाठी असतात आणि त्यांत साधारण ५ टक्क्यांपर्यंत चूक संभवते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या खुणेला सुमारे १२ मिलिलिटरचा फरक पडू शकतो. ब्युरेटवर आपण मिलिलिटरच्या दहाव्या भागापर्यंत, आणि सवयीने त्याच्याही अर्ध्यापर्यंत, वाचन घेतो. एका बाजूला एवढी काटेकोर मोजणी करायची आणि दुसऱ्या बाजूला द्रावण अंदाजाने घ्यायचे, यात प्रयोगाचा अर्थच उरत नाही.

यातूनच निघणारा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, मुद्दा धुण्याचा आहे. पिपेट आणि ब्युरेट त्यात जे द्रावण भरायचे त्यानेच विसळून घ्यावे लागतात, कारण आत राहिलेल्या पाण्याने ते द्रावण विरल होते. शंकुपात्र मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावे आणि ते ओले राहिले तरी चालते. पिपेटने ठरावीक आम्ल त्यात सोडले की त्यातील आम्लाचे मोल (म्हणजे आम्लाच्या कणांची एकूण संख्या) निश्चित झाले; पाण्याने संहती (तीव्रता) घटते, मोल घटत नाहीत, आणि त्यांच्याशी अभिक्रिया होण्यास लागणारा ब्युरेटमधील अल्कही तेवढाच राहतो. उलट पात्र आम्लाने विसळले, तर भिंतीला चिकटलेले आम्ल न मोजता हिशेबात शिरते आणि ब्युरेटचे वाचन वाढते. भिंतीवर उडालेला थेंब अंतिम बिंदूजवळ (अभिक्रिया पूर्ण झाल्याचे रंगावरून कळते त्या क्षणाजवळ) पाण्याच्या धारेने बिनदिक्कत खाली आणता येतो, तोही याच कारणाने.

पात्राखाली पांढरी फरशी ठेवावी, म्हणजे फिनॉल्फथॅलिन या दर्शकाचा (अल्क जास्त होताच गुलाबी होणाऱ्या द्रव्याचा) पहिला फिका गुलाबी रंग नजरेतून सुटत नाही. हा रंग सुमारे अर्धा मिनिट टिकला की थांबावे; नंतर तो हळूहळू फिका होऊ लागला तर आणखी अल्क घालू नये, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळल्यानेही तो जातो.

प्रश्न : निर्वात पंपाच्या गाळणीसाठी साधे शंकुपात्र चालेल का?

उत्तर : नाही. बुडाचा व्यास ८ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर होते आणि आतील हवा पूर्ण काढल्यास हवेचा त्यावरील भार जवळजवळ ५० किलो वजनाइतका होतो. गोल काच असा भार सर्व बाजूंना वाटून घेते. पातळ, सपाट बुडाला ते जमत नाही आणि पात्र आतल्या बाजूला फुटते. त्या कामासाठी जाड भिंतीचे, मानेजवळ आडवी नळी असलेले वेगळे शंकुपात्र मिळते. तेही तडा गेलेले नाही ना, हे प्रत्येक वेळी उजेडात धरून पाहावे आणि डोळ्यांवर सुरक्षा चष्मा असल्याशिवाय पंप सुरू करू नये.