'गाल्ला' की 'ओरोमो'? आणि 'गदा'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इथिओपियावर लेख लिहिताना एका जुन्या प्रवासवर्णनात 'गाल्ला' नावाचे लोक सापडले, हल्लीच्या बातम्यांत मात्र 'ओरोमो' दिसतात, तर हे दोन्ही एकच का? त्यांच्या 'गदा' पद्धतीला 'जातपंचायत' आणि 'वाका'ला 'आकाशदेव' म्हटलं तर चालेल का? आणि मलिक अंबर ओरोमो होता असं लिहू का?

पहिल्याचं उत्तर सोपंय. लोक तेच, पण 'गाल्ला' हे नाव त्यांना बाहेरच्यांनी दिलेलं, ते स्वतःला कायम ओरोमोच म्हणत आलेत. बाहेरच्यांच्या तोंडी त्या शब्दात रानटी, परधर्मी, हलका असा सगळा वास होता, त्यामुळे आज ओरोमो माणसासमोर तो उच्चारणं म्हणजे सरळ शिवी देणं. १९७४च्या क्रांतीनंतर सरकारी वापरातूनही तो गेला. जुन्या पुस्तकातला उतारा जसाच्या तसा देत असाल तरच तो अवतरणात ठेवा, स्वतःच्या वाक्यात नको. हे लोक म्हणजे कुठली कोपऱ्यातली टोळी नाही बरं का, इथिओपियातला सगळ्यात मोठा समाज आहे, २००७च्या जनगणनेत देशाच्या एक तृतीयांशाहून जास्त, शिवाय उत्तर केनियातही बोराना वगैरे ओरोमोंच्याच शाखा आहेत. रोमच्या १९६०च्या ऑलिम्पिकमधे अनवाणी मॅरेथॉन जिंकणारा अबेबे बिकिला ओरोमोच होता.

आता 'गदा'. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण 'जातपंचायत' हा शब्द वापरलात तर अर्थाचा पार विचका होईल. जातीचा इथे संबंधच नाही, आणि पंचायत म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतात पारावर बसलेली चार वडीलधारी माणसं, जी एकदा बसली की उठत नाहीत. गदात उलटं आहे, माणसाने उठायचं कधी हे आधीच ठरलेलं. पुरुषांचे पाच गट पाळीपाळीने सत्तेवर येतात, एका गटाची मुदत आठ वर्षं, संपली की पुढच्याच्या हाती द्यायची, आणि या सोपवण्याला 'बाल्ली' म्हणतात. बाल्ली म्हणजे शहामृगाचं पीस. मुख्य माणूस तो 'अब्बा गदा', म्हणजे गदाचा बाप, आणि तो नीट वागला नाही तर मुदतीच्या मधेच त्याला काढायचीही सोय आहे. पाच गट गुणिले आठ म्हणजे चाळीस, म्हणून मुलगा बापाच्या बरोब्बर चाळीस वर्षं मागून त्याच पायरीवर येतो, मग मूल झालं तेव्हा बाप तिशीत असो की साठीत. म्हणजे तुमची पायरी तुमच्या वयावर नाही, बाप कुठे आहे त्यावर ठरते! बोराना लोकांत सगळ्यात खालच्या पायरीवरच्या लहान मुलांना 'दब्बाल्ले' म्हणतात, त्यांचे केस कापत नाहीत, मुलींसारखे लांब ठेवतात, आणि लोक आणि देव यांच्यामधले दुवे म्हणून त्यांना मान असतो. दर आठ वर्षांनी बोरानांची मोठी सभा भरते, 'गुमी गायो', तिथे आधीचे कायदे वाचून दाखवतात, वाद मिटवतात, नवे नियम करतात.

आणि हे जुनं आहे याचा पुरावा कुठे मिळतो बघा. बाहरेय नावाच्या एका ख्रिस्ती साधूने १५९३ साली गीझ या इथिओपियाच्या जुन्या धर्मभाषेत या लोकांवर लिहिलं, ओरोमो उत्तरेकडे सरकत होते त्या धामधुमीत, शत्रू म्हणून, आणि 'गाल्ला' हाच शब्द वापरून. पण त्यानेच नोंदवून ठेवलंय की यांना राजा नाही, आठ वर्षं एका 'लुबा'चं, म्हणजे सत्तेवरच्या गटाचं, ऐकतात, मग दुसरा येतो. म्हणजे नाव चुकीचं लावणाऱ्यानेच गोष्ट बरोबर टिपली. पुढे नैऋत्येकडच्या गिबे खोऱ्यात ओरोमोंचे राजे झाले, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथिओपियाचा सम्राट मेनेलिक याच्या फौजांनी दक्षिण जिंकली आणि गदाचा जोर बऱ्याच भागात ओसरला, बोराना आणि गुजी लोकांनी तो टिकवला. २०१६ साली गदा पद्धत युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही आली.

तर मराठीत काय लिहायचं? माझं स्पष्ट मत, 'गदा'च लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'आठ वर्षांच्या पाळीची राज्यपद्धत' एवढं जोडा. भीमाची गदा आठवेल वाचकाला, आठवू दे, दुसऱ्या ओळीला विसरेल. 'गाडा' किंवा 'गडा' मात्र नको, मूळ उच्चारात साधा द आहे. ड च्या जवळचा त्यांचा वेगळा आवाज आहे, तो रोमन लिपीत डी-एच असा लिहितात, आणि ते बघून आपल्याकडे लोक हमखास ध लिहितात, तेवढं सांभाळा. (रोमन लिपी, म्हणजे त्यांची 'कुबे', १९९१मधे अधिकृत झाली. त्याआधी ओनेसिमोस नेसिबने, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, अस्तेर गन्नोच्या मदतीने अख्खं बायबल ओरोमोत आणलं, १८९९ साली छापलं, ते गीझ अक्षरांत.)

'वाका'ला आकाशदेव म्हणू नका. वाका म्हणजे आकाशही आणि देवही हे खरं, पण 'आकाशदेव' म्हटलं की वाटतं खाली नद्यांचा देव, डोंगराचा देव अशी रांग असेल. वाका एकच. ओरोमो ख्रिस्ती त्याच शब्दापासूनचं 'वाकायो' वापरतात, मुसलमान बहुतेक 'रब्बी' म्हणतात, आणि जुना धर्म पाळणाऱ्यांच्या धर्माचं नाव 'वाकेफन्ना'. वाकालाच 'वाका गुराचा' म्हणतात, काळा वाका, पावसाने भरलेल्या आभाळाचा काळा. मेघश्याम म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. पाऊस सरला की बिशोफ्तूच्या होरा तळ्याकाठी लाखो लोक हातात हिरवं गवत आणि पिवळी फुलं घेऊन जमतात, ती पाण्यात बुडवून शिंपडतात, तो सण 'इरेचा'. त्याला 'आभारप्रदर्शन' म्हणाल तर सभेच्या शेवटचा कार्यक्रम वाटेल, 'इरेचा'च ठेवा. आणि गावाचं नावही बिशोफ्तूच लिहा, जुन्या नकाशात ते देब्रे झेयत आहे. तसंच अदिस अबाबाला ओरोमो लोक 'फिनफिन्ने' म्हणतात, पण तिथे प्रचलित नाव ठेवून हे एकदा सांगितलंत तरी पुरे.

आता मलिक अंबर. हे वाक्य काढा. तो लहानपणी इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला हे पक्कं, पण त्याला ओरोमो ठरवणारे लेख आहेत तसे दक्षिण इथिओपियातल्या कंबाटा मुलखाचा म्हणणारे इतिहासकारही आहेत. आपल्याकडचा 'हबशी' हा शब्द फक्त हबश मुलखातून आलेला एवढंच सांगतो, त्यावरून जमात काढता येत नाही, जंजिऱ्याच्या 'हबसाणा'बद्दलही तेच. पक्का धागाच हवा असेल तर हा घ्या: १८४० साली लंडनला क्राप्फ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने ओरोमो भाषेचं छोटं व्याकरण छापलं, 'गाल्ला' भाषा म्हणूनच, त्याला सुरुवातीचं टिपण होतं इझेनबर्ग नावाच्या मिशनऱ्याचं, आणि हाच इझेनबर्ग पुढे बरीच वर्षं मुंबईत होता.