आधी दाखवा, मग द्या: कॅसिनोच्या टेबलावरच्या शंका

प्रश्न: डीलरचं प्रशिक्षण घेतोय. पत्ते हाताला बसले, पण रुलेटचं (चाक-चेंडूच्या खेळाचं) पेआउट, म्हणजे जिंकणाऱ्याला द्यायची रक्कम, काढताना गोंधळ उडतो. पाढे कच्चे आहेत.

सगळे पाढे नकोतच. 35, 17, 11, 8 आणि 5 एवढे पाच निदान विसापर्यंत तोंडपाठ करा. एकाच आकड्यावरच्या चिपला, म्हणजे स्ट्रेटला एका चिपमागे 35 चिप्स, दोन आकड्यांमधल्या रेषेवरच्या स्प्लिटला 17, तीन आकड्यांच्या ओळीला 11, चार आकड्यांच्या कोपऱ्याला 8 आणि सहा आकड्यांना 5. अडलात तर एक आधार आहे: आठाची दुप्पट अधिक 1 म्हणजे 17, सतराची दुप्पट अधिक 1 म्हणजे 35. म्हणून स्प्लिटवरच्या 4 चिप्सचे काढायचे तर 2 स्ट्रेटचे 70 धरा आणि 2 वजा करा, 68.

समजा एका खेळाडूच्या 3 चिप्स स्ट्रेटवर, 4 स्प्लिटवर आणि 5 कोपऱ्यावर लागल्या. 105 अधिक 68 अधिक 40, एकूण 213. लागलेल्या चिप्स त्याच्याच असतात, त्या जागेवर राहतात आणि या बेरजेत येत नाहीत. रंगीत चिपची (रुलेटवर प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाची मिळते ती) किंमत 5 ठरली असेल तर रक्कम झाली 1065. एवढ्या रंगीत चिप्स समोर रचण्यापेक्षा 1000 साध्या किमतीच्या चिप्समध्ये आणि उरलेल्या 13 रंगीत देणं सोयीचं.

खरं तर गुणाकारात कमीच चुका होतात, जास्त होतात मोजण्यात. ढिगाखाली दुसऱ्या रंगाची चिप दबलेली असते, किंवा चिप रेषेवर आहे की आत हे नीट दिसत नाही. अशी चिप दिसली की चेंडू पडण्याआधीच खेळाडूला विचारा, 'ही स्प्लिटवर ना?' आकडा लागल्यानंतर त्याच प्रश्नाचं भांडण होतं.

प्रश्न: टेबल सोडताना हातावर हात मारून तळवे का दाखवायचे? माझ्यावर संशय आहे का?

संशय नाही, तुमचंच संरक्षण आहे. वरचा कॅमेरा फक्त पाहतो, त्यामुळे प्रत्येक हालचाल त्याला कळेल अशी हवी. हात रिकामे दाखवून गेलात की नंतर चिप्स कमी भरल्या तरी बोट तुमच्याकडे वळत नाही. नोटांचंही तेच: हातातल्या हातात मोजू नका, टेबलावर पसरा, रक्कम मोठ्याने सांगा, सुपरवायझरने होकार दिला की चिप्स द्या आणि नोटा ड्रॉप बॉक्समध्ये (टेबलाच्या कुलूपबंद पेटीत) ढकला. वीस चिप्सचा ढीग देताना पाच-पाचचे चार भाग कापून दाखवायचे. बाकीचे ढीग त्याच्या उंचीशी लावले की झालं.

प्रश्न: जास्त पैसे दिले गेले, हे खेळाडूने चिप्स उचलल्यावर लक्षात आलं. मागून घेऊ का?

अजिबात नको. हात थांबवा, पुढचा डाव सुरू करू नका, सुपरवायझरला बोलवा आणि काय झालं ते एका वाक्यात सांगा. खेळाडूच्या चिप्सना तुमचा हात लागला की मूळ चूक बाजूला पडते आणि नवा वाद उभा राहतो. ब्लॅकजॅकमध्ये (21 जुळवण्याच्या पत्त्यांच्या खेळात) पत्ते ठरलेल्या क्रमानेच गोळा करतात ते याचसाठी: टाकलेल्या गड्डीतून उलट्या क्रमाने काढून प्रत्येकाचा हात पुन्हा मांडता येतो. घाईत पत्ते मिसळले की ही सोय गेली. चूक लगेच सांगणारा डीलर आम्हाला झाकणाऱ्यापेक्षा केव्हाही जास्त विश्वासाचा वाटतो.

प्रश्न: चेंडू पडल्यावर कोणी हळूच चिप सरकवली तर कसं ओळखायचं?

चेंडूचा वेग उतरू लागला की 'आता बेट बंद' म्हणा, टेबलावरून हात फिरवा आणि नजर चाकावर नव्हे, पटावर ठेवा. चेंडू कुठे पडला हे आवाज थांबल्यावर पाहायला वेळ असतो. आकडा पुकारून लगेच त्यावर खूण ठेवा. ही खूण उठेपर्यंत कोणीही पटाला हात लावायचा नाही. उशिरा आलेली चिप दिसली तर तिथेच नकार द्या. खात्री नसेल तर पैसे देण्याआधी कॅमेऱ्याची तपासणी मागा.

प्रश्न: खेळाडूला ब्लॅकजॅक लागला, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच 21 झाले, तर 25 च्या बेटवर किती द्यायचे?

टेबलावर 3:2 छापलं असेल तर 37.50 (बेट अधिक तिचं अर्ध), 6:5 असेल तर 30.

प्रश्न: शर्यतीच्या बेटिंग काउंटरवर लागलो आहे. ईच-वेच्या चिठ्ठीत हिशोब चुकतो.

ईच-वे म्हणजे दोन बेट: एक जिंकण्याची, एक प्लेसची, म्हणजे पहिल्या काही क्रमांकांत येण्याची. '50 ईच-वे' असेल तर 100 घ्यायचे, इथेच पहिली चूक होते. भाव 8/1 (1 ला 8 नफा) आणि प्लेसला त्याचा चौथा हिस्सा असेल, तर प्लेसचा भाव 2/1. घोडा जिंकला तर 450 आणि 150 मिळून 600, नुसता प्लेसमध्ये आला तर 150. या आकड्यांत मूळ रक्कम धरलेली आहे. दशांशी भावात मात्र ती आधीच असते: 5/2 म्हणजे 3.50, म्हणून 100 ला 350 द्यायचे, 450 नव्हे. चिठ्ठी छापण्याआधी घोडा, शर्यत, रक्कम आणि बेटचा प्रकार गिऱ्हाइकाला वाचून दाखवा; शर्यत सुटल्यावर चिठ्ठी बदलता येत नाही.