हूक उखडला, ट्रॉली सुटली. भरपाई कोणाच्या डोक्यावर?

प्रश्न: माझी पिकअप १३ वर्षांची आहे. मागच्या बंपरला हूक वेल्ड करून घेतला, स्प्रिंगचे पाटे वाढवले आणि जनरेटरची ट्रॉली जोडून कामावर न्यायला लागलो. ट्रॉली फॅब्रिकेटरकडून बनवलेली, तिला नंबर नाही. उतारावर हूक उखडला, ट्रॉली सुटून मोटारसायकलवर गेली आणि चालवणाऱ्याचा पाय मोडला. त्याने भरपाईचा दावा लावला आहे. विमा कंपनी म्हणते, गाडीत बेकायदा बदल केला, ट्रॉलीचा विमा नाही, आम्ही काही देणार नाही. मेव्हणे म्हणतात, हूक कापून टाक आणि ट्रॉली आधीपासून तिथे उभी होती असं सांग. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी, मेव्हण्यांचं ऐकू नका. हूक, तुटलेलं वेल्डिंग, पिन, ट्रॉलीचा दांडा, यातलं काहीही कापू नका, घासू नका, रंगवू नका. अपघाताचा पुरावा नष्ट करणं किंवा खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळाच गुन्हा होऊ शकतो. आज तुमच्यावर निष्काळजीपणाचा आरोप आहे. उद्या लबाडीचा लागला, तर भरपाईचा दावा ऐकणारं मोटार अपघात न्यायाधिकरण तुमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवणार नाही. उलट त्या तुटलेल्या जागेचे जवळून फोटो काढा. वेल्डिंग पत्र्यावर होतं की चासीच्या मुख्य पट्टीवर, आत जुना गंज होता का, सेफ्टी चेन होती का, हे सगळं त्यात दिसलं पाहिजे.

आता तुमच्या चुका कुठे झाल्या ते स्पष्ट सांगतो, कारण समोरचा वकील त्याच मांडणार आहे. ट्रॉलीला इंजिन नाही म्हणून ती गाडी नाही, असं बहुतेकांना वाटतं. मोटार वाहन कायदा, १९८८ तसं मानत नाही. कलम २(२८) मधल्या 'मोटार वाहन' या व्याख्येत ट्रेलर येतो आणि कलम ६१ प्रमाणे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. ट्रॉलीवर तिचा स्वतःचा नंबर हवा आणि ओढणाऱ्या गाडीचाही हवा, कारण मागून येणाऱ्याला पिकअपची नंबर पाटी दिसतच नाही. नोंदणी नसेल तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे.

हुकाची बाजू मात्र एवढी सरळ नाही. कंपनी कलम ५२ दाखवेल. आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील मूळ बनावटीशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, असं ते कलम सांगतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लावलं. पण हुकाची नोंद आरसीवर असतेच कुठे? हा मुद्दा तुमच्या बाजूने मांडता येतो, आणि मी असतो तर नक्की मांडला असता. स्प्रिंगच्या पाट्यांबाबत मात्र वाद घालू नका. पाटे वाढवले म्हणून आरसीवर मंजूर असलेलं वजन वाढत नाही.

आता भरपाईचं. जखमी माणसाच्या बाबतीत कंपनीला वाटेल त्या कारणाने हात झटकता येत नाहीत. तिला कोणते बचाव घेता येतात ते कलम १५०(२) मध्ये ठरलेले आहेत: परवाना नसलेला चालक, परमिटबाहेरचा वापर, महत्त्वाची माहिती लपवून घेतलेली पॉलिसी, असे मोजकेच. गाडीला हूक लावला, हे त्या यादीत नाही. तुमच्या वकिलाने लेखी म्हणण्यात हेच ठासून मांडावं: विमा असलेली पिकअप रस्त्यावर चालवली जात होती आणि त्या वापरातूनच अपघात झाला. कंपनी 'ट्रॉली वेगळी, तिचा विमा नाही' यावर अडून बसेल आणि तो मुद्दा हलका नाही. न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरायला लावून नंतर तुमच्याकडून वसूल करायला सांगू शकतं, किंवा थेट तुमच्यावरही टाकू शकतं. ही तयारी मनात ठेवा, घरच्यांनाही सांगून ठेवा.

परवान्यावर आक्षेप आला तर घाबरू नका. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेलं मालवाहू वाहन साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) परवान्यावर चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. नुसती ट्रॉली जोडली म्हणून परवाना निकामी होत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा नागशेट्टी प्रकरणातला निकाल तर २००१ चा आहे.

नोटिशीतली तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल लागेल. त्या जखमी माणसाला भेटायला जरूर जा, त्याची विचारपूस करा. मात्र कंपनीला न कळवता स्टॅम्पपेपरवर कबुली किंवा तडजोड लिहून देऊ नका. पॉलिसीच्या अटींमध्ये त्याला मनाई असते.

पिकअपच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनीने नाकारला असेल तर तो नकार लेखी मागा. त्यानंतर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) १ वर्षात किंवा ग्राहक आयोगात २ वर्षांत जाता येतं. ट्रॉली आणि जनरेटरचे पैसे या पॉलिसीतून मिळतील अशी आशा धरू नका.

पुन्हा ट्रॉली जोडणार असाल तर आरटीओची लेखी परवानगी, नोंदणी झालेली ट्रॉली, तिचा विमा आणि चासीला बोल्टने बसवलेला हूक, हे सगळं आधी. इतक्या जुन्या गाडीची चासी आतून तपासून घेतल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग करू नका. तोपर्यंत ती ट्रॉली रस्त्यावर आणू नका.